हातानं शिवलेला टेडी: भेट द्यायचा तर सोपं, विकायचा तर आधी हे वाचा

बीडकडच्या कुठल्याही लग्नात रुखवताच्या टेबलापाशी पाच मिनिटं थांबा. शेवया, कुरडया, रंगीत पापड, मण्यांचं तोरण, आणि त्यांच्या मधोमध हमखास एखादा लोकरीचा ससा किंवा फरचा टेडी बसलेला असतो. बायका तो उचलून बघतात, पोटात बोट खुपसतात आणि विचारतात, "कुणी केलं गं हे?" नवरीची आई सांगते, "पोरीनंच केलंय, घरी बसून." कौतुक होतं, विषय संपतो.

आता तोच टेडी कुणीतरी व्हॉट्सॲप स्टेटसला टाकतं आणि प्रश्न बदलतो: "केवढ्याला देशील?"

इथून पुढं सगळंच बदलतं. भेट दिलेल्या टेडीचा डोळा निघाला तर मावशी हसून परत शिवून घेते. विकलेल्या टेडीला मात्र कायदा, चाचणी, कुरिअरचं बिल आणि स्वतःच्या मजुरीचा हिशोब चिकटतो. इन्स्टाग्रामवर 'घरबसल्या टेडी बनवा, हजारो कमवा' छापाच्या रील्स भरपूर आहेत, पण त्यात या गोष्टी कुणी सांगत नाही. त्या इथं सांगतोय.

टेडीची सुरुवातच घरातल्या शिवणकामातून

टेडी हे नाव अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यावरून पडलं. नोव्हेंबर १९०२ मध्ये ते मिसिसिपी राज्यात शिकारीला गेले होते. त्यांना एकही अस्वल सापडेना, म्हणून सोबतच्या लोकांनी एक जखमी अस्वल पकडून झाडाला बांधलं आणि म्हणाले, मारा. रूझवेल्टनी बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला नकार दिला. १६ नोव्हेंबरला 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये क्लिफर्ड बेरीमन यांचं त्यावरचं व्यंगचित्र आलं आणि गोष्ट देशभर गेली. (गोष्टीतला एक भाग सहसा गाळला जातो. ते अस्वल वाचलं नाही. जखमी असल्यामुळं त्याला सुरीनं मारून टाकायला रूझवेल्टनीच सांगितलं होतं.)

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मॉरिस मिचटम यांचं छोटं दुकान होतं. त्यांच्या बायकोनं, रोझनं, चित्र बघून कापडाचं अस्वल शिवलं आणि ते दुकानाच्या काचेत ठेवलं. गिऱ्हाईक मागायला लागलं. पुढं यातूनच 'आयडियल' ही मोठी खेळणी कंपनी उभी राहिली.

त्याच सुमारास जर्मनीत गिंगेन गावात मार्गारेट श्टाइफ यांच्या कारखान्यात त्यांचा पुतण्या रिचर्ड यानं हातपाय हलणारं अस्वल तयार केलं. मार्गारेट यांची गोष्ट आपल्या विषयाला जास्त जवळची आहे. लहानपणी पोलिओ झाल्यामुळं त्या चाकाच्या खुर्चीत असायच्या, उजवा हातही नीट चालत नव्हता. तरी शिवणकाम शिकल्या. १८८० मध्ये त्यांनी टाचण्या टोचून ठेवायला नमद्याचे छोटे हत्ती शिवले आणि मैत्रिणींना भेट दिले. टाचण्या बाजूलाच राहिल्या, पोरं त्या हत्तींशी खेळायला लागली. मग हत्ती विक्रीला आले आणि १८८६ पर्यंत वर्षाला ५ हजारांवर गेले. नकला व्हायला लागल्या तेव्हा, १९०४ पासून, कंपनीनं प्रत्येक खेळण्याच्या कानात धातूचं बटण बसवलं. आजही त्या बटणावरूनच खरा श्टाइफ ओळखतात.

कापसाच्या जिल्ह्यात टेडीत कापूस का भरत नाहीत?

हा प्रश्न बीडमध्ये कुणालाही पडेल. गेवराई-माजलगाव पट्ट्यात रानोमाळ कापूस आहे, जिनिंगमधून रुई निघते, मग टेडीच्या पोटात तीच का नको?

उत्तर आपल्या घरातल्या गादीत आहे. कापसाची गादी काही वर्षांनी दबते, तिच्यात गोळे होतात आणि मग पिंजाऱ्याकडून कापूस परत पिंजून घ्यावा लागतो. टेडी फाडून पिंजता येत नाही. शिवाय टेडी धुतला जातो. पोरगं त्याला वरणभातात बुडवणार, अंगणात लोळवणार. कापूस पाणी धरून ठेवतो, आतून लवकर वाळत नाही, वास मारतो, पावसाळ्यात बुरशीही धरतो.

म्हणून बाजारात जे भरण मिळतं ते पॉलिएस्टरचं असतं. दुकानात त्याला 'रेक्रॉन' म्हणूनच मागतात. ते मुळात एका कंपनीचं ब्रँडनाव, पण आता सगळ्याच भरणाला चिकटलंय. याचे तंतू आतून पोकळ आणि नागमोडी असतात, त्यामुळं दाबून सोडलं की परत फुगतं. वजनाला हलकं आणि धुतलं की लवकर वाळतं. विकत घेताना मूठभर भरण जोरात आवळून सोडा. ते गोळा होऊन तसंच राहिलं तर माल हलका आहे. जुन्या कपड्यांच्या चिंध्या भरणं हा आपल्या चिंधीच्या बाहुलीचा मार्ग. घरच्या पोरासाठी तो उत्तमच, पण विकायच्या टेडीत नको. जड होतो, आणि चिंधीत अडकलेली एखादी टाचणी कधी बाहेर येईल सांगता येत नाही.

बाकी सामान: फरचं कापड, त्याच रंगाचा मजबूत दोरा, नाकासाठी फेल्ट किंवा भरतकामाचा दोरा. गावात फर मिळत नसेल तर पुण्यात रविवार पेठ, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचा परिसर ही नेहमीची ठिकाणं. पहिल्याच फेरीत दहा रंग उचलू नका. तपकिरी आणि पांढरा पुरेत. पांढरा मात्र कापताना, शिवताना, फोटो काढतानाही मळतो.

कापताना होणाऱ्या दोन चुका

पहिली चूक केसांच्या दिशेची. फरवरून हात फिरवला की केस एका बाजूला झोपतात. सगळे तुकडे असे कापायचे की केस डोक्याकडून पायाकडं उतरतील. एक पाय उलटा कापला गेला तर टेडी शिवून झाल्यावर तो पाय वेगळ्याच रंगाचा दिसतो, आणि मग उपाय नाही.

दुसरी चूक कात्रीची. फर वरून कापला की केसही कापले जातात आणि शिवणीवर टक्कल पडतं. कापड उलटं ठेवायचं, मागच्या बाजूला पुठ्ठ्याचा नमुना ठेवून खूण करायची आणि कात्रीच्या टोकानं फक्त खालचं कापड कापायचं. जोडीचे तुकडे, म्हणजे हात, पाय, कान, एक डावा आणि एक उजवा असे उलटसुलट आखायचे. पहिल्या टेडीला दोन्ही पाय डावेच निघणं हा जवळपास रिवाज आहे.

शिवण आतल्या बाजूनं, टाके बारीक, ताण येतो तिथं (मान, काख, पायाचा जोड) दुहेरी शिवण. पाठीत चारेक बोटं जागा उघडी ठेवून टेडी उलटा करायचा. भरताना आधी नाकाचा भाग, मग डोकं, मग हातपाय, पोट सगळ्यात शेवटी. भरण एकदम कोंबायचं नाही, चिमूट चिमूट पेन्सिलीच्या मागच्या टोकानं सरकवायचं. शेवटी पाठ बाहेरून दोरा दिसणार नाही अशी हातशिवणीनं बंद करायची आणि शिवणीत अडकलेले केस सुईनं ओढून बाहेर काढायचे. या शेवटच्या पाच मिनिटांत शिवण गायब होते.

शिलाई मशीन नसेल तर क्रोशाचा रस्ता आहे. लोकरीनं गोल गोल विणत केलेल्या अशा बाहुल्यांना जपानीत 'अमिगुरुमी' म्हणतात. लागते फक्त एक सुई आणि लोकर. वेळ मात्र जास्त जातो, आणि टाके सैल असले की आतलं पांढरं भरण बाहेर डोकावतं.

डोळ्यांवरून तडजोड नको

टेडीत सगळ्यात धोकादायक असतो तो त्याचा सगळ्यात गोड दिसणारा भाग. प्लास्टिकचे डोळे, मण्याचं नाक, गळ्यातली घंटी, शर्टाची बटणं. तीन वर्षांखालचं मूल हे सगळं तोंडात घालतं.

खेळण्यांच्या चाचणीत यासाठी एक साधी नळी वापरतात. तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर, म्हणजे सव्वातीन सेंटीमीटरपेक्षाही कमी. लहान मुलाच्या घशाचा तो अंदाज आहे. खेळण्यातून निघालेला तुकडा त्या नळीत पूर्ण मावला तर ते खेळणं लहान मुलांसाठी नापास. टेडीचा डोळा तर त्यात सहज मावतो.

चिकटवलेले डोळे वापरूच नका. डिंक, फेव्हिक्विक, ग्लू गन, काहीही असो. मागून वायसर दाबून बसवायचे 'सेफ्टी आईज' मिळतात, ते बरे. पण बारशासाठी किंवा बाळंतविड्यात द्यायचा टेडी असेल तर डोळे-नाक दोऱ्यानं भरायचे, दुसरा पर्याय नाही. बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपट्यासोबत आता टेडी ठेवायची पद्धत आलीय, आणि तो टेडी थेट बाळाशेजारी झोपवला जातो. एक वर्षाखालचं बाळ झोपलेलं असताना त्याच्याजवळ मऊ खेळणी ठेवू नयेत, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण तोंडावर पडलेलं खेळणं बाळाला बाजूला करता येत नाही. विकताना चिठ्ठीवर ही एक ओळ लिहिलीत तर गिऱ्हाईक तुटत नाही, उलट विश्वास बसतो.

आता मुख्य मुद्दा: विकायला परवाना लागतो का?

१ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू आहे. १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळण्यासाठी केलेल्या प्रत्येक खेळण्यावर भारतीय मानक ब्युरोचं, म्हणजे बीआयएसचं आयएसआय चिन्ह असावं लागतं. मऊ खेळणीही त्यात येतात. मानक आहे आयएस ९८७३. त्यात खेळण्याची मजबुती, ते किती लवकर पेट घेतं आणि रंगातून घातक धातू बाहेर येतात का, हे तपासलं जातं. चिन्हाशिवाय विकल्यास बीआयएस कायदा २०१६ मध्ये पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २ लाख रुपये दंडाची तरतूद झाली. जानेवारी २०२३ मध्ये बीआयएसनं विमानतळ आणि मॉलमधल्या दुकानांसह देशभर छापे टाकून १८,६०० खेळणी जप्त केल्याची बातमी तुम्ही वाचली असेल.

म्हणजे धारूरमध्ये घरात दोन टेडी शिवणाऱ्या ताईनंही कारखान्यासारखा परवाना काढायचा का?

आदेश आला तेव्हा हाच ओरडा झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडं नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवलेल्या आणि विकलेल्या खेळण्यांना सूट मिळाली. चन्नपट्टणासारख्या भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांनाही, नोंदणीकृत मालकानं केलेली असतील तर, सूट आहे.

ही नोंदणी झाली की कारागिराला 'पहचान' ओळखपत्र मिळतं. घरगुती टेडीवाल्यांसाठी कायद्यातला खरा दरवाजा हा आहे, आणि त्याच्या तीन अटी नीट समजून घ्या.

एक, कार्ड माणसाचं असतं, गटाचं नाही. बचत गटात दहा जणी शिवतात आणि कार्ड एकीचंच आहे, तर बाकी नऊ जणींच्या मालाला ती सूट लागू आहे असं समजू नका. दोन, कार्ड देण्याआधी कार्यालय तुमची कला तपासतं. क्रोशाच्या बाहुलीबद्दल कुणी फारसं विचारणार नाही, पण मशीनवर शिवलेला फरचा टेडी हस्तकला धरायचा का, हे अर्ज करण्याआधीच विचारून घ्या. तीन, सूट कारागिराला आहे, सुरक्षिततेला नाही. डोळा निघून मुलाला इजा झाली तर कार्ड दाखवून कुणी सुटत नाही.

'हे शोपीस आहे, खेळणं नाही' असा टॅग लावायची आयडिया ऑनलाइन फिरतेय. ती चालेल असं धरू नका. मिठीत घ्यावंसं वाटेल असं साधं मऊ खेळणं हे तीन वर्षांखालच्या मुलांसाठीचंच धरायचं, असा खेळण्यांच्या मानकांचा कल आहे. टॅगवर काहीही लिहिलं तरी टेडी टेडीसारखाच दिसतो.

ज्यांना गट म्हणून, दुकानांना पुरवठा म्हणून मोठं काम करायचं आहे त्यांनी सरळ बीआयएसचा परवाना घ्यावा. सूक्ष्म उद्योगांना शुल्कात सवलत आहे. त्यासाठी आधी उद्यम नोंदणी करा. ती ऑनलाइन आणि फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

आणखी एक. टेडी कुणाच्या मालकीचा नाही, पण मिकी माऊस, डोरेमॉन आणि लबूबू आहेत. कुणी 'सेम टू सेम लबूबू करून दे' म्हणालं तर नको म्हणा.

अडीचशे रुपयांचा टेडी आणि मजुरीचा हिशोब

आकडे समजण्यापुरते घेऊ, तुम्ही तुमच्या बाजारातले घाला. समजा एक फुटाच्या टेडीला फर ९० रुपयांचा, भरण ४० चं, डोळे-नाक-दोरा १५, पिशवी आणि टॅग १०. झाले १५५. शेजारणीनं घासाघीस केली आणि तो २५० ला गेला. हातात उरले ९५.

बरं वाटतं. पण एका टेडीला चार तास गेले. म्हणजे आठ तासांच्या दिवसात दोन टेडी आणि कमाई १९० रुपये. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. कौतुक झालेल्या, बोटाला सुया टोचून घेतलेल्या कामात त्यापेक्षा १२२ रुपये कमी पडले.

रोजगार हमीइतकंच हवं असेल तरी टेडी ३११ ला विकावा लागतो. तो गिफ्टच्या दुकानात ठेवला आणि दुकानदारानं चौथाई ठेवली तर छापील किंमत ४१५ च्या घरात जाते. त्याच दुकानात मशीनवर शिवलेला त्याहून स्वस्त टेडी शेजारी बसलेला असतो. परदेशी खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं, त्यामुळं आयात माल महागला खरा, पण देशातल्या कारखान्याशी तुमची स्पर्धा तशीच राहिली.

कुरिअरचा फटका वेगळाच. खासगी कुरिअर हलक्या पण फुगीर मालाचं वजन काट्यावर करत नाहीत, खोक्याच्या मापावर करतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि साधारण ५,००० नं भागायची. ३० बाय २५ बाय २० चं खोकं झालं ३ किलो, आतला टेडी असेल अर्धा किलो. भाडं तीन किलोचं. हवा काढून घट्ट पिशवीत दाबून पाठवला तर हे कमी होतं. चांगलं रेक्रॉन परत फुगतं, आणि भरण हलकं असेल तर ते इथं उघडं पडतं.

गर्दी फेब्रुवारीत, घरं रिकामी

टेडीचा धंदा १० फेब्रुवारीच्या 'टेडी डे'च्या आठवड्यात सगळ्यात जोरात असतो. बीडसाठी ही तारीख अवघड आहे. दिवाळी-दसऱ्याच्या आसपास जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ती साखर कारखान्यांचा पट्टा पडल्यावरच परततात. म्हणजे ज्या बायकांना घरबसल्या कामाची सगळ्यात जास्त गरज आहे, त्या फेब्रुवारीत कोयता घेऊन फडात असतात. पालावर पांढरा फर आणि शिलाई मशीन चालत नाही. क्रोशाची सुई चालते, पण पहाटेपासून मोळ्या बांधल्यावर हातात तेवढा जीव राहिला तर. 'टेडी करून स्थलांतर थांबेल' असं कुणी भाषणात म्हणालं तर त्यांना वरचा १९० रुपयांचा हिशोब दाखवा.

ज्या गावात राहतात त्यांनी मे ते सप्टेंबर शिवून साठा करायचा आणि हिवाळ्यात विकायचा, हे जमण्यासारखं आहे. लग्नसराई आणि बारसं वर्षभर असतातच. 'उमेद' अभियानातल्या गटांसाठी मुंबईचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन आहे. तिथं गिऱ्हाईक हातचं काम बघायलाच येतं आणि घासाघीस कमी होते.

आजीच्या लुगड्याचा टेडी

कारखान्याला जे जमत नाही तिथं हातकामाला भाव मिळतो. आजी गेली की तिच्या लुगड्यांची गोधडी शिवायची ही आपली जुनी पद्धत. आता काही जण त्याच कापडाचा टेडी मागतात. बाळाची पहिली झबली, वडिलांचा सदरा, शाळेचा गणवेश, कशाचाही. याला दुकानात पर्याय नाही, म्हणून चार तासांची मजुरी मागताना अडखळावं लागत नाही. निम्मे पैसे आधी घ्यायचे.

काम मात्र जबाबदारीचं. कापड फाटलं तर दुसरं आणता येत नाही. आधी फोटो काढून ठेवा, कुठला भाग पोटावर आणि कुठला काठ कानाला हे गिऱ्हाइकाकडून लिहून घ्या, पहिला नमुना साध्या मांजरपाटावर शिवून बघा. जुनं सुती लुगडं विरलेलं असतं, त्याला मागून पेस्टिंग किंवा अस्तर लावल्याशिवाय भरण भरलं की शिवणीवर फाटतं. उरलेला प्रत्येक तुकडा परत द्या, अगदी बोटभर असला तरी.

अर्ज कुठं करायचा

पहचान कार्डासाठी विकास आयुक्त (हस्तकला) यांच्या सेवा केंद्राकडं अर्ज जातो. आधार आणि तुमच्या कामाचे नमुने तयार ठेवा.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांमध्ये 'बाहुली आणि खेळणी बनवणारे' आहेत आणि शिंपीही आहेत. नोंदणी गावच्या सीएससी केंद्रात होते, ग्रामपंचायत पहिली पडताळणी करते. मूलभूत प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, आणि खेळण्यांच्या यादीत 'पारंपरिक' हा शब्द आहे. त्यावर अर्ज अडायची शक्यता दिसली आणि तुम्ही खरोखर शिवणकाम करत असाल, तर शिंपी या व्यवसायाखाली अर्ज करता येतो का, ते केंद्रातच विचारा.

जीएसटीचं म्हणाल तर राज्यातल्या राज्यात वस्तू विकताना ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. माल दुसऱ्या राज्यात जायला लागला की नियम वेगळा आहे, तेव्हा पुण्याऐवजी हैदराबादची पहिली ऑर्डर आली की पार्सल बांधण्याआधी कर सल्लागाराला एक फोन करा.